कुत्र्याची खाज नेमकी कशाची? कारण शोधण्याचा क्रम

कुत्रं सारखं खाजवायला लागलं की बहुतेक घरांत एकाच आठवड्यात चार गोष्टी होतात. शाम्पू बदलतो, खाद्य बदलतं, अंगाला कडुनिंबाचं तेल लागतं आणि दवाखान्यात एक इंजेक्शन होतं. खाज थांबते. महिन्याभराने ती परत येते, आणि मागच्या वेळी नेमकं कशाने बरं वाटलं होतं ते कुणालाच सांगता येत नाही.

कारण शोधायचं असेल तर एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि तीही ठरलेल्या क्रमाने: आधी परजीवी, मग त्वचेवरचा संसर्ग, मग अन्न आणि सगळ्यात शेवटी घरातली धूळ, बुरशी, परागकण. क्रम असा ठेवण्यामागे कारण आहे. पिसवा चावत असतील तर आठ आठवडे पथ्याचं खाऊनही कुत्रं खाजवतच राहील, आणि तुम्ही ‘अन्नाचा दोष नाही’ असा चुकीचा निष्कर्ष काढाल. पूर्ण शोधाला पाच-सहा महिने लागतात. घरातल्या सगळ्यांना हे आधीच सांगून ठेवा, कारण हा शोध फसतो तो बहुधा तिसऱ्या आठवड्यात, कुणीतरी कंटाळल्यामुळे.

आधी एक वही

रोज रात्री खाजेला शून्य ते दहा गुण द्यायचे. दोनपर्यंत म्हणजे कुठलंही निरोगी कुत्रं खाजवतं तेवढंच. चार म्हणजे खाज वाढलेली दिसते, पण झोप मोडत नाही. सहा म्हणजे अधूनमधून रात्रीही उठून खाजवतं, पण जेवताना-खेळताना विसरतं. आठ म्हणजे जेवण आणि खेळ सोडून खाजवतं. दहा म्हणजे दवाखान्याच्या टेबलावरही थांबत नाही. गुण रोज एकाच माणसाने द्यावेत. दर रविवारी पोट, बगला, चारही पंजे, कान आणि शेपटीचं मूळ यांचे फोटो काढा, शक्यतो त्याच जागी, त्याच उजेडात.

वहीच्या पहिल्या पानावर जुनी माहिती लिहा. खाज पहिल्यांदा सुरू झाली तेव्हा वय किती होतं? बाराही महिने असते की पावसाळ्यात वाढते? आधी खाज आली आणि मग पुरळ, की आधी पुरळ? घरातल्या माणसांना खाज आहे का? आजवर पोटात काय काय गेलं, दुधात कुस्करलेल्या बिस्किटापासून सगळं. आणि कोणती औषधं दिली, कोणत्या तारखेला. यातलं शेवटचं फार महत्त्वाचं. ‘खाजेचं इंजेक्शन’ हे बरेचदा दीर्घकाळ टिकणारं स्टेरॉइड असतं आणि ते चार ते सहा आठवडे खाज दाबून ठेवू शकतं. त्या काळात केलेली कुठलीही चाचणी फसवी निघते. डॉक्टरांना इंजेक्शनचं नाव विचारा आणि ते कुत्र्याच्या फाइलवर लिहून घ्या.

शरीराची कोणती जागा खाजते यावरून अंदाज बांधता येतो. शेपटीचं मूळ, कंबर आणि मांड्यांची मागची बाजू असेल तर पहिला संशय पिसवांवर. कानाच्या पाळीची कडा, कोपरं, मागच्या पायांचे घोटे आणि पोट असेल तर खरूज. पुढचे पंजे, तोंडाभोवतीचा भाग, कानाची आतली बाजू, बगला, जांघा हे वातावरणातल्या ॲलर्जीचं ठरलेलं चित्र. अन्नाची ॲलर्जीही हुबेहूब तशीच दिसते. फरक करायचा तर गुदद्वाराभोवती खाज, दिवसातून तीनपेक्षा जास्त वेळा शी, मऊ शी, पोटात गुडगुड असले धागे शोधावे लागतात. नुसत्या डोळ्यांनी या दोघांना वेगळं करता येत नाही, अनुभवी डॉक्टरांनाही नाही.

पहिली पायरी: पिसवा आणि खरूज

मेडिकलमध्ये मिळणारी बारीक दातांची फणी आणा. कुत्र्याला पांढऱ्या चादरीवर उभं करून शेपटीच्या मुळापासून कंबरेपर्यंत केसांच्या मुळाशी टेकवत फणी फिरवा. फणीत अडकलेले काळे कण ओल्या टिश्यू पेपरवर दाबून मिनिटभर थांबा. कणाभोवती तांबूस-तपकिरी डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. नुसती धूळ असेल तर डाग राखाडी राहतो.

फणीत काही सापडलं नाही म्हणून पिसवा नाहीत असं मात्र समजू नका. ज्या कुत्र्याला पिसवांच्या लाळेची ॲलर्जी असते ते स्वतःला इतकं चावतं, चाटतं की अंगावरच्या पिसवा गिळून टाकतं. अशा कुत्र्याला मोजके चावेही कित्येक दिवस खाजवत ठेवतात. म्हणून या पायरीवर पुरावा शोधत बसण्यापेक्षा पक्के उपचार करून खाज उतरते का ते बघणं हीच चाचणी.

उपचार आठ ते बारा आठवडे, आणि घरातल्या प्रत्येक कुत्र्या-मांजरावर एकाच दिवशी सुरू करायचे. फ्लुरालानर, अफॉक्सोलानर, सारोलानर या गटातली चघळायची गोळी सध्या सगळ्यात भरवशाची आहे. फ्लुरालानरचा परिणाम साधारण १२ आठवडे टिकतो, बाकीच्या दोन्ही गोळ्या दर महिन्याला द्याव्या लागतात. कुत्र्याला पूर्वी कधी फिट आली असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, त्याला हा गट टाळावा लागू शकतो. पाठीवर सोडायचं औषध वापरणार असाल तर त्याच्या दोन दिवस आधी आणि दोन दिवस नंतर आंघोळ नको. कुत्र्यांचं परमेथ्रिन असलेलं औषध मांजराला कधीही लावू नका, ते मांजराच्या जिवावर बेतू शकतं.

कुत्र्याच्या अंगावर दिसतात त्या पिसवा एकूण संख्येच्या जेमतेम पाच टक्के. बाकीची अंडी, अळ्या आणि कोश गादीत, सोफ्याच्या फटीत, पायपुसण्याखाली, गाडीच्या मागच्या सीटवर असतात. कोशावर कुठलंही घरगुती औषध नीट चालत नाही आणि त्यातून दोन-तीन महिने नव्या पिसवा बाहेर येत राहतात. म्हणूनच एका गोळीनंतर ‘औषध लागू पडलं नाही’ असं वाटतं. अंथरूण दर आठवड्याला ६० अंश तापमानाच्या पाण्यात धुवा, व्हॅक्युम फिरवा आणि पिशवी लगेच घराबाहेर टाका. मुंबई-कोकणच्या दमट हवेत पिसवांना ऋतू नसतो. तिथे हे वर्षभर चालू ठेवावं लागतं.

याच पायरीवर खरूज निकालात काढायची. कानाच्या पाळीची कडा अंगठा आणि बोटात धरून पाच-सात सेकंद हलकेच चोळा. मागचा पाय आपोआप खाजवल्यासारखा हलू लागला तर खरजेचा संशय बळावतो. डॉक्टर त्वचा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, पण खरजेचे किडे इतके थोडे असतात की खरवड बऱ्याचदा कोरी निघते. अहवाल कोरा असला तरी घरातल्या कुणाच्या मनगटावर, पोटावर खाजरे दाणे उठले असतील तर खरूज धरूनच उपचार करा. वर सांगितलेला गोळ्यांचा गट खरजेवरही चालतो, म्हणून एकाच औषधात दोन शंका फिटतात. डेमोडेक्स नावाच्या दुसऱ्या किड्यासाठी खोल खरवड लागते, थोडं रक्त येईपर्यंत. मालकाला ते बघवत नाही, पण वरवर खरवडलं तर डेमोडेक्स हुकतो.

गुरांचं आयव्हरमेक्टिन इंजेक्शन दुकानातून आणून अंदाजाने टोचण्याची पद्धत अजूनही आहे. कोली आणि तिच्या जवळच्या जातींत जनुकीय दोषामुळे हे औषध मेंदूत शिरतं आणि कुत्रं दगावू शकतं. इतर जातींतही मात्रा चुकली तर विषबाधा होते. हे करू नका.

दुसरी पायरी: वर बसलेला संसर्ग

ॲलर्जीने त्वचा कमकुवत झाली की तिच्यावर नेहमीच राहणारे जीवाणू आणि यीस्ट (एक प्रकारची बुरशी) फोफावतात, आणि खाज दुप्पट करतात. लाल पुटकुळ्या, गोल खपल्या, कडेने सुटणारे पापुद्रे दिसले तर जीवाणू. चिकट कातडी, खवट तेलासारखा वास, जांघेत आणि बगलेत काळी पडलेली, हत्तीच्या कातडीसारखी जाड झालेली त्वचा असेल तर यीस्ट.

यासाठीची तपासणी साधी आहे. डॉक्टर पारदर्शक चिकटपट्टी त्वचेवर दाबून, ती रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात. यीस्ट असेल तर भुईमुगाच्या छोट्या शेंगांसारखे आकार दिसतात. दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे. हे न बघताच प्रतिजैविकाची गोळी सुरू होत असेल तर तपासणीचा आग्रह धरा. कानातून वास येत असेल तर कानातलाही नमुना घ्यायला सांगा, कारण अंगाचा संसर्ग गेला आणि कानाचा राहिला तर खाजेचे गुण उतरत नाहीत. गोल चट्टा पडून केस तुटलेले दिसले तर गजकर्णाची शंका घ्यावी. त्याच्या बुरशीची वाढ करून बघायला दोन-तीन आठवडे लागतात.

संसर्ग वरवरचा असेल तर क्लोरहेक्सिडिनचा औषधी शाम्पू, गरजेप्रमाणे मायकोनाझोलसह, आठवड्यातून दोनदा, तीन आठवडे. सगळी गंमत वेळेत आहे: फेस अंगावर पूर्ण दहा मिनिटं राहिला पाहिजे. घड्याळ लावा. बहुतेक जण दोन मिनिटांत धुऊन टाकतात आणि शाम्पू कुचकामी म्हणतात. नंतर बोटांच्या बेचक्यांपर्यंत कोरडं पुसा. माणसांचा शाम्पू चालत नाही. आपल्या त्वचेपेक्षा कुत्र्याची त्वचा कमी आम्लधर्मी असते.

तीन आठवड्यांनी नमुना पुन्हा तपासा. तो स्वच्छ आला आणि खाजेचे गुण दोनवर उतरले, तर संसर्ग कशामुळे झाला एवढंच शोधायचं राहतं. नमुना स्वच्छ आणि गुण अजून पाच-सहा असतील तर पुढची पायरी.

तिसरी पायरी: अन्न

इथे सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून जरा सावकाश.

कुत्र्यांत सर्वाधिक वेळा दोषी ठरणारे पदार्थ म्हणजे गोमांस, दूध-दुभतं, चिकन आणि गहू. ही यादी वाचली की लक्षात येतं, शाकाहारी घरातलं कुत्रं ‘साधं पोळी-दूध, दही-पोळी खातं’ म्हणून सुटत नाही. रोज तेच खाणं हाच धोक्याचा भाग आहे, कारण ॲलर्जी नव्या पदार्थाची क्वचित असते. बरेचदा ती वर्षानुवर्षं खाल्लेल्या पदार्थाची असते. ‘तीन वर्षं हेच खातोय, आत्ताच कसं होईल?’ या प्रश्नाचं उत्तर हेच.

रक्त, लाळ किंवा केस तपासून अन्नाची ॲलर्जी सांगणाऱ्या चाचण्यांवर पैसे घालवू नका. त्यांचे निकाल भरवशाचे नाहीत. खात्रीचा एकच मार्ग आहे: आठ आठवडे फक्त असं अन्न, ज्यातलं प्रथिन कुत्र्याने आजवर खाल्लेलं नाही किंवा शरीराला ओळखू येणार नाही इतकं बारीक केलेलं आहे.

त्याचे दोन प्रकार. पहिला, प्रथिनांचे अतिसूक्ष्म तुकडे करून बनवलेलं ‘हायड्रोलाइज्ड’ खाद्य, जे डॉक्टरांच्या सल्ल्याने मिळतं. महाग आहे, पण समतोल असतं. वर्षाच्या आतल्या पिल्लाला हेच द्यावं, घरचं नको. दुकानातलं ‘लॅम्ब’ किंवा ‘फिश’ लिहिलेलं साधं खाद्य इथे चालत नाही. पाठीमागची बारीक अक्षरं वाचा, बरेचदा त्यात चिकन फॅट किंवा पोल्ट्री मील असतं. ‘ग्रेन-फ्री’चाही या चाचणीत उपयोग नाही, धान्य काढलं तरी चिकन तसंच राहतं.

दुसरा प्रकार घरचा. पुणे, सोलापूर, नागपूरकडच्या ज्या कुत्र्याने मासा खाल्लेला नाही त्याला बिनकाट्याचा बासा आणि रताळं हा सोपा पर्याय. कोकणात, गोव्यात जे कुत्रं बांगड्याच्या डोक्यांवर वाढलंय त्याला मासा नवा नाही. तिथे चरबी काढलेलं, पूर्ण शिजवलेलं डुकराचं मांस किंवा सरळ हायड्रोलाइज्ड खाद्य. बदक आणि लावी टाळा, चिकनची ॲलर्जी असेल तर ती या पक्ष्यांनाही लागू होऊ शकते.

१० किलोच्या, नसबंदी झालेल्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला कच्च्या वजनाने २०० ग्रॅम बासा, ३५० ग्रॅम रताळं आणि एक टेबलस्पून सूर्यफुलाचं तेल, दोन वेळांत विभागून. साधारण ६०० कॅलरी होतात. २५ किलोच्या लॅब्रॅडॉरला याच्या दुप्पट पुरतं, अडीचपट नाही, कारण वजन वाढतं त्या प्रमाणात भूक वाढत नाही. मासा आणि रताळं वेगवेगळं वाफवा, पाण्यात मीठ-हळदसुद्धा नको. कांदा-लसूण तर कुत्र्याला एरवीही विषारी. तीन दिवसांचं फ्रिजमध्ये, बाकीचं फ्रीझरमध्ये. दर आठवड्याला वजन करा आणि उतरत असेल तर रताळं वाढवा. आठ आठवड्यांपुरतं हे अन्न चालतं. पुढे तेच ठेवायचं असेल तर कॅल्शियम आणि इतर घटक डॉक्टरांकडून बसवून घ्यावे लागतात. नव्या अन्नावर एका दिवसात नेऊ नका. पाच-सहा दिवस जुन्यात मिसळत प्रमाण वाढवा, आणि जुनं पूर्ण बंद झालं तो पहिला दिवस धरा.

आता चोरवाटा. मांसाच्या चवीची चघळायची गोळी, चवीचं जंताचं औषध, कॅल्शियमचं सिरप, जिलेटिनची कॅप्सूल, कुत्र्याची टूथपेस्ट, चघळायची हाडं. वॉचमनने प्रेमाने दिलेलं बिस्किट. बाळाच्या खुर्चीखाली सांडलेली खिचडी. मांजराची वाटी. सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा, ज्यात गहू, दूध, तूप सगळंच आलं. फिरायला नेल्यावर रस्त्यावर तोंड घालणाऱ्या कुत्र्याला जाळीचा मुखपट्टा घाला. गोळी द्यायला चीजऐवजी रताळ्याचा गोळा वापरा, बक्षीस म्हणूनही तेच. पिसवांचं औषध या काळात थांबवायचं नाही, म्हणून फ्लुरालानरची गोळी अन्नचाचणी सुरू होण्याच्या एक-दोन दिवस आधी देऊन टाका. बारा आठवडे चवीचं काही पोटात जात नाही आणि संरक्षणही राहतं. एकदा चूक झाली तर चाचणी मोडली असं समजू नका. तारीख वहीत लिहा, पुढे चालू ठेवा आणि शेवटी दोन आठवडे वाढवा.

खाज असह्य असेल तर पहिले काही आठवडे डॉक्टर स्टेरॉइड किंवा खाज दाबणारी ओक्लासिटिनिबची गोळी देऊ शकतात. अट एवढीच की शेवटचे किमान दोन आठवडे कुत्रं फक्त अन्नावर असलं पाहिजे. ज्यांना अन्नाचीच ॲलर्जी आहे अशा कुत्र्यांतल्या बहुतेकांना पाचव्या आठवड्यापर्यंत फरक पडतो आणि आठव्यापर्यंत जवळपास सगळ्यांना. तिसऱ्या आठवड्यात काही दिसलं नाही म्हणून सोडू नका.

बरं वाटलं तरी काम संपलेलं नसतं. इथेच मालक थांबतात आणि निदान अर्धवट राहतं, कारण आराम ऋतू बदलल्याने किंवा पिसवा गेल्यानेही पडलेला असू शकतो. म्हणून जुनं खाद्य जसंच्या तसं पुन्हा सुरू करा. काही तासांपासून दोन आठवड्यांपर्यंत खाज परतली, आणि पथ्याचं अन्न दिल्यावर पुन्हा उतरली, तर अन्नाची ॲलर्जी सिद्ध झाली. खाज परत आणायची या कल्पनेने जीव तुटतो हे खरं. पण या दोन आठवड्यांशिवाय कुत्र्याला आयुष्यभर नको ते पथ्य लागू शकतं.

यानंतर एकेक पदार्थ. नुसतं उकडलेलं चिकन पथ्याच्या अन्नात मिसळून रोज, दोन आठवडे. काही झालं नाही तर चिकन निर्दोष. खाज आली तर बंद करा, गुण पुन्हा दोनवर येईपर्यंत थांबा, मग अंडं, मग दही, मग पोळी. दोन पदार्थ एकत्र कधीच नाही.

चौथी पायरी: धूळ, बुरशी, परागकण

परजीवी गेले, संसर्ग गेला, अन्नाची चाचणी कोरी निघाली आणि खाज आहेच, तर वातावरणातली ॲलर्जी, म्हणजे ॲटॉपी. ही कुठल्याही एका चाचणीत दिसत नाही, बाकी सगळं वगळूनच ठरते. तीन वर्षांच्या आत सुरुवात, बहुतांश वेळ घरात राहणारं कुत्रं, आधी पुरळाशिवाय नुसती खाज, पुढचे पंजे आणि कान बाधित पण कानाची कडा आणि कंबर स्वच्छ, स्टेरॉइडने लगेच आराम, ही लक्षणं जमली की निदानाला बळ येतं.

रक्तातली किंवा त्वचेत टोचून करायची ॲलर्जी चाचणी आता उपयोगी पडते, आधी नाही. निरोगी कुत्र्यातही ती पॉझिटिव्ह येऊ शकते. तिचा उपयोग निदानासाठी नसून लसोपचारात (ॲलर्जीचा घटक थोडा थोडा देऊन शरीराला त्याची सवय लावण्याच्या उपचारात) कोणते घटक घालायचे हे ठरवण्यासाठी आहे. टोचून करायच्या चाचणीआधी तोंडावाटे घेतलेलं स्टेरॉइड किमान दोन आठवडे आणि दीर्घकाळचं इंजेक्शन त्याहून बरंच आधी बंद हवं. लसोपचाराचा गुण येतो की नाही हे कळायला वर्ष लागू शकतं. परळचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय, शिरवळ आणि नागपूरची महाविद्यालयं इथल्या चिकित्सालयांत किंवा त्वचेचं विशेष काम करणाऱ्या पशुवैद्याकडे या टप्प्यावर जावं.

घरातल्या धुळीतले सूक्ष्म किडे हे जगभर कुत्र्यांत सर्वाधिक आढळणारं कारण. जाड गोधडीऐवजी धुता येईल अशा खोळीचा बिछाना, दर आठवड्याला गरम पाण्यात धुलाई, कुत्र्याला वर्षानुवर्षं जुन्या गादीवर झोपू न देणं याने फरक पडतो. कोरडं खाद्य मोठ्या पोत्याने आणू नका. साठवणीतल्या खाद्यातही तसलेच किडे वाढतात, विशेषतः पावसाळ्यात. महिन्यात संपेल एवढंच आणा आणि घट्ट डब्यात ठेवा. फिरून आल्यावर पंजे आणि पोट साध्या पाण्याने पुसून कोरडे करा. पावसाळ्यानंतर रिकाम्या प्लॉटवर गाजरगवत फुललेलं असेल तर तो रस्ता बदला.

स्पर्शाने होणारी ॲलर्जी दुर्मिळ, पण तपासायला स्वस्त. केस विरळ असलेलं पोट, हनुवटी आणि तळव्यांमधली जागा एवढीच लाल असेल तर दोन आठवडे लादी फक्त पाण्याने पुसा, फिनाईल बंद, आणि प्लास्टिकच्या वाटीऐवजी स्टीलची ठेवा. या काळात दुसरं काही बदलू नका.

ॲटॉपी ठरल्यावर औषधाने सहा महिने बरं चाललेलं कुत्रं अचानक पुन्हा आठ गुणांवर गेलं, तर औषध वाढवण्याआधी वही काढा. पिसवांच्या गोळीची शेवटची तारीख बघा, फणी फिरवा, बगलेचा नमुना तपासून घ्या, आणि घरात कुणी नवं बिस्किट आणलंय का ते विचारा.